पत्रिकेवरून आजार कळतो का? दावा तपासायचा कसा, ते बघू

पेट पास झाली की पुढचा प्रश्न येतो : सिनॉप्सिससाठी विषय कोणता घ्यायचा? ‘समग्र आरोग्य’ हा शब्द सध्या जोरात आहे, आणि त्यात योग, आयुर्वेद यांच्या जोडीला ज्योतिषही येऊन बसतं. विषय वाईट नाही. पण गाईडसमोर बसलात की पहिला प्रश्न येणार, ‘तुम्हाला नेमकं काय तपासायचंय?’ त्याचं उत्तर द्यायला इतिहासही माहीत हवा आणि पद्धतही. आज दोन्ही थोडक्यात बघू.

आधी इतिहास

आपल्याकडे ‘ज्योतिष’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी बसल्या आहेत. एक म्हणजे आकाशाचं गणित आणि दुसरी म्हणजे फलित. वेदांग ज्योतिष हा आपला जुना ग्रंथ पहिल्या प्रकारचा आहे. यज्ञाची वेळ ठरवायची तर सूर्य, चंद्र, तिथी आणि नक्षत्रं कळायला हवीत, म्हणून तो रचला. त्यात बारा राशी नाहीत आणि जन्मपत्रिकाही नाही.

बारा राशींचं चक्र बॅबिलोनियात तयार झालं. तिथून ते ग्रीकांकडे गेलं, आणि पत्रिका मांडायची पद्धत ग्रीक जगातून भारतात आली. शब्दच बघा ना : ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे मूळचे ग्रीक. स्फुजिध्वजाच्या ग्रंथाचं नावच ‘यवनजातक’ आहे. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये तो संपादित करून छापला आणि त्याचा काळ इ.स. २६९-२७० असा दिला. हा आकडा पुढे कित्येक पुस्तकांत जसाच्या तसा उतरला. २०१३ मध्ये बिल माक यांनी हस्तलिखितं पुन्हा वाचली आणि तो काळ ज्या वाचनावर उभा होता ते वाचनच टिकत नाही असं दाखवलं. संशोधकाने यातून एवढं घ्यावं, की दहा पुस्तकांत एकच आकडा असला तरी पुरावे दहा होत नाहीत.

शरीर आणि राशी यांची सांगडही जुनीच. मेष म्हणजे डोकं, तिथून खाली येत येत मीन म्हणजे पाय. ग्रीक-रोमन ग्रंथांत ही यादी आहे आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त कालपुरुषाच्या रूपात तीच येते. पत्रिकेतलं सहावं स्थान रोगाचं, ही मांडणी याच परंपरेतली.

मराठीत हा विषय मुळापासून वाचायचा असेल तर शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ चा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हाती घ्या. इतक्या वर्षांनीही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

मग आयुर्वेदाचं काय?

‘आयुर्वेद आणि ज्योतिष एकच’ असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी जरा थांबा. चरकसंहितेत औषधी गोळा करायला शुभ नक्षत्र बघावं असं येतं. उपचारांचे तीन प्रकार सांगताना मंत्र, मणी, होम यांचा ‘दैवव्यपाश्रय’ हा प्रकारही येतो. पण त्याच यादीत आहार आणि औषधाची योजना, म्हणजे ‘युक्तिव्यपाश्रय’, स्वतंत्रपणे सांगितली आहे. विमानस्थानात तर थेट प्रश्न आहे : माणसाचं आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आत्रेयांच्या उत्तराचा आशय असा, की सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असतं तर औषधाची गरजच उरली नसती. दैव आणि माणसाचा प्रयत्न, दोन्ही धरून चाला. वैद्यकाचं काम सुरू व्हायचं तर एवढी जागा मोकळी ठेवावीच लागते.

दावा तपासला कोणी?

आता पद्धतीकडे येऊ. यासाठी उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. ती २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आली.

मांडणी साधी होती. २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. त्यातली १०० मुलं अभ्यासात हुशार, १०० मतिमंद. पत्रिकांना संकेतांक दिले आणि खरी माहिती पुणे विद्यापीठात बंद करून ठेवली, म्हणजे पत्रिका पाठवणाऱ्यालाही उत्तर माहीत नाही. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातलं मूल कोणत्या गटातलं? ५१ जणांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. यशासाठी निकष होता ४० पैकी किमान २८ बरोबर. सगळ्यात जास्त गुण आले २४. सरासरी ४६ टक्क्यांच्या आसपास राहिली. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका बघितल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली.

हे आकडे वाचायचे कसे? नाणं उडवून उत्तरं दिली तरी ४० पैकी २० बरोबर येतात. इथे प्रमाण विचलन √१० म्हणजे ३.१६ आहे, म्हणून १७ ते २३ हा अगदी नेहमीचा पट्टा. २०० साठी ते साधारण ७ येतं, त्यामुळे १०२ म्हणजे नाणंच. आणि निकष २८ इतका वर का? एका माणसाला निव्वळ नशिबाने २८ किंवा जास्त मिळायची शक्यता १ टक्क्याहून कमी आहे. पण २७ जण बसले की त्यातल्या कुणा एकाला तरी तेवढे मिळायची शक्यता २० टक्क्यांच्या घरात जाते. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा, व्हायवात उपयोगी पडेल.

मर्यादाही लिहायला हव्यात. उत्तरं पाठवणारे २७ जण स्वतःहून आले होते, तेव्हा सगळ्या ज्योतिषांबद्दल यावरून बोलता येत नाही. पण ‘पत्रिकेवरून हे सांगता येतं’ म्हणणाऱ्यांचाच दावा त्यांच्याच साधनाने तपासला, ही या चाचणीची ताकद.

भरपूर डेटा असला की झालं?

नाही. २००६ मध्ये पीटर ऑस्टिन आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ऑन्टारिओमधल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या रुग्णालयातल्या नोंदी आणि त्यांच्या राशी मुद्दाम जुळवून बघितल्या. अर्ध्या लोकांमध्ये शोधल्यावर प्रत्येक राशीला दोन-दोन आजार मिळाले. उरलेल्या अर्ध्यांमध्ये तपासले तर २४ पैकी दोनच टिकले : सिंहेला पोटातला रक्तस्राव, धनूला दंडाचं हाड मोडणं. आणि एकाच वेळी अनेक चाचण्या केल्याचा हिशेब धरला तेव्हा तेही गेले. त्यांना दाखवायचं होतं तेच हे : पुरेशा ठिकाणी खणलं की काहीतरी सापडतंच. म्हणून गृहीतक आधी लिहा, डेटा नंतर उघडा.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल?

तुम्ही हिंगोलीत राहून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात नोंदणी करणार असाल, तर तीन प्रश्न वेगळे ठेवा. एक : पत्रिकेवरून आजार कळतो का? दोन : लोक पत्रिका का दाखवतात? तीन : त्यामुळे उपचाराला उशीर होतो का? पहिल्याला वरच्यासारखी चाचणी लागते. दुसऱ्याला मुलाखती. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा इथल्या घरांत बसून ऐकावं लागेल. गर्दीच्या ओपीडीत न मिळणारा वेळ आणि कुणीतरी शांतपणे ऐकून घेणं तिथे मिळतं का, हेही विचारावं लागेल. पण बरं वाटणं आणि भाकीत खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून पहिल्याचा निष्कर्ष काढला की प्रबंध तिथेच बसतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. छातीतली गाठ ‘साडेसाती संपेपर्यंत’ थांबत नाही. झटके येणाऱ्या लेकराला शांतीआधी डॉक्टर लागतो. लक्षण कधी दिसलं, पहिला सल्ला कुणाचा घेतला, दवाखान्यात किती दिवसांनी पोहोचले, एवढ्या तीन नोंदी नीट घेतल्या तरी कामाचं काहीतरी हाती लागेल. मात्र आजारी माणसाशी बोलण्याआधी नैतिकता समितीची मंजुरी आणि त्याची संमती घ्या, आणि नाव गुप्त ठेवा. मुलाखतीत कुणाच्या श्रद्धेची टर उडवू नका. टर उडवणाऱ्याला खरं उत्तर कुणी देत नाही.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा सगळ्यात वर एक वाक्य लिहा : ‘माझं म्हणणं चूक आहे, हे कोणत्या निकालावरून मी मान्य करीन?’ नारळीकरांच्या चाचणीत हे पत्रिका पाठवायच्या आधीच ठरलं होतं : २८. तुमचा आकडा कोणता?