रुमाल आणि तसबीर

नवऱ्याच्या संशयावरची दोन गाजलेली मराठी नाटके एकाच लेखकाने, तीही तीन वर्षांच्या अंतराने लिहिली. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘झुंझारराव’ १८९० चे आणि ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ १८९३ चे. पहिल्यात बायकोचा जीव जातो, दुसऱ्यात प्रेक्षकांची हसून पुरेवाट होते. एकात रुमाल हरवतो, दुसऱ्यात तसबीर सापडते.

‘झुंझारराव’चे मूळ शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात १ नोव्हेंबर १६०४ रोजी त्याचा प्रयोग झाल्याची नोंद आहे. मराठीत ते आधी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्ये आणले. ते भाषांतर होते. देवलांनी मात्र माणसेच मराठी केली: ऑथेल्लोचा झुंझारराव, डेस्डिमोनाची कमळजा, इयागोचा जाधवराव. योगायोग असा, की पुढे झुंझाररावाच्या भूमिकेने गाजलेले शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी जन्मले तेही १८६७ सालीच.

या नाटकातले खरे आश्चर्य तिसऱ्या अंकातल्या एकाच प्रवेशात आहे. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो बायकोवर निर्धास्त विश्वास ठेवणारा सेनापती असतो आणि संपतो तेव्हा गुडघे टेकून सुडाची शपथ घेतो. मध्ये ना एखादी लढाई, ना एखादा साक्षीदार. दोन माणसे बोलतात, एवढेच. आणि इयागो तरी काय बोलतो? सुरुवातीला जवळजवळ काहीच नाही. सेनापतीने विचारलेला शब्दच तो प्रश्नासारखा परत करतो, थांबतो, ‘जाऊ द्या’ म्हणतो. तोंडातला घास कोणी अर्ध्यावर थांबवला की समोरच्याला वाटणारच, घासात काहीतरी आहे. पुढे तो मत्सरापासून सावध राहण्याचा सल्लाही देतो! तोवर संशय ऑथेल्लोच्या स्वतःच्या डोक्यातून उगवलेला असतो, आणि स्वतःच्या डोक्यातले खोटे वाटत नाही.

रुमाल त्यानंतर येतो. ऑथेल्लोने बायकोला दिलेली ती पहिली भेट, आईकडून आलेली, स्ट्रॉबेरीची नक्षी भरलेली. तो खाली पडतो, इयागोची बायको उचलते, इयागो तो, ज्याच्यावर संशय आणायचा त्या कॅसिओच्या खोलीत टाकतो. संशय रुमालातून निघाला असे आपण म्हणतो, पण क्रम उलटा आहे. मन आधी फिरले होते, पुरावा मागाहून आला. आधी आला असता तर तो नुसता हरवलेला रुमाल ठरला असता.

नायक बदलतो ते त्याच्या भाषेत ऐकू येते. डौलदार, लांब वाक्यांत युद्धे सांगणारा हा माणूस चौथ्या अंकात तुकड्यातुकड्यांत बोलू लागतो आणि शेवटी फेफरे येऊन पडतो. नटाची कसोटी तिथे लागते. ओरडणे सोपे, वाक्य मोडत जाताना माणूस मोडतो आहे हे दाखवणे अवघड.

आता तसबीर. फाल्गुनरावाची बायको कृत्तिका हिला रस्त्यात एका तरुणाची तसबीर सापडते. रेवती नावाच्या मूर्च्छित तरुणीला सावरताना नवऱ्याला तिने पाहिलेले असते आणि तिच्या हातातली तसबीर तो पाहतो. दोघांनीही पाहिले ते खरेच, लावलेला अर्थ तेवढा चुकीचा. भादव्यासारखा नोकर इकडचे तिकडे करतो, पण कोणाचा जीव घ्यावा असे त्याच्या मनात नसते. घरात जाधवराव नाही, म्हणून घोटाळा घोटाळाच राहतो. याच नाटकाचे पुढे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले, आणि १९१६ मध्ये, देवलांच्या निधनाच्याच वर्षी, ते रंगभूमीवर आले. माझ्या मते ‘झुंझारराव’ कळायला ‘संशयकल्लोळ’ पाहावेच. फाल्गुनरावाचा मत्सर झुंझाररावापेक्षा तसूभरही कमी नाही, फक्त त्याच्या कानाशी कोणी बसलेला नाही.

ऑथेल्लोची शोकांतिका हौशी मंडळींना परवडण्यासारखीही आहे. नागोठण्याला जोगेश्वरीच्या पालखीच्या दिवसांत कोणी ती लावायची म्हटली, तर नेपथ्यासाठी रुमाल आणि पलंग पुरे. भूमिका वाटताना मात्र गंमत होईल. सेनापतीचा पोशाख सगळ्यांना हवा असेल, पण मुरलेला नट इयागोच मागेल, कारण मूळ नाटकात त्याच्या वाट्याला नायकाहून जास्त ओळी आहेत. ‘प्रामाणिक’ हे विशेषण इतर पात्रे त्यालाच पुन्हा पुन्हा लावतात. तो खोटे बोलतो हे प्रेक्षकांना मात्र ठाऊक असते, कारण आपला बेत तो त्यांना आधीच सांगून ठेवतो.

शेवटी इयागो पकडला जातो. ऑथेल्लो विचारतो, असे का केलेस? नाटकभर जिभेच्या जोरावर जिंकलेला हा माणूस यापुढे एक शब्दही बोलणार नाही असे सांगतो आणि गप्प होतो. ऑथेल्लोची लांब, डौलदार वाक्ये त्याच वेळी परत येतात. सीरियातल्या एका शहरातली जुनी हकीकत तो पूर्वीच्याच थाटात सांगू लागतो आणि ती संपता संपता स्वतःवर शस्त्र चालवतो.