वर्गाबाहेरचे दान

शिक्षणासाठी दान म्हटले की आमच्याकडे प्रथम कोनशिला आठवते. हे दान आम्ही कमी लेखीत नाही. मुक्तीनंतर १९६२ साली गोव्यात महाविद्यालये निघाली, ती उद्योजक घराण्यांच्या औदार्यामुळेच. परंतु विद्यार्थी दिवसाकाठी वर्गात असतो किती वेळ? उरलेल्या वेळी त्याला जेवण हवे, मैदान हवे, सोबत हवी. आणि मन खचले तर ऐकून घेणारे माणूस हवे. शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी राहिली ती याच जाणिवेतून. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी स्थापिलेली विद्यार्थी साहाय्यक समिती तर आजही देणग्यांवर खेड्यांतील मुलामुलींना सांभाळते.

शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या प्रत्येक संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक असावा, असे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले. त्याला पगार मात्र दरमहा द्यावा लागतो, आणि पगारावर कोनशिला बसत नाही! गोव्यातील धनिकांनी पुढची देणगी ताळगाव पठारावरील आमच्या विद्यापीठाला इमारतीसाठी न देता कायम ठेव म्हणून द्यावी. तिच्या व्याजातून हा पगार आणि गरजू मुलांची खानावळ चालावी. नाव हवेच असेल, तर ते खानावळीच्या दारावर लावण्यास आमची हरकत नाही.