कतारगामची मोजदाद

सुरतच्या कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रज दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झिंडेनची कबर आहे. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख हाच होता. १६६९ मध्ये तो सुरतेतच वारला. त्याचा भाऊ ख्रिस्तोफर १६५९ मध्येच गेला होता. या दोघा भावांवर मुसलमानी मकबऱ्यांच्या धर्तीची, घुमटांची दुमजली इमारत उभी आहे. त्याच परिसरातल्या डच दफनभूमीत १६९१ मध्ये वारलेला हेंड्रिक व्हान रेडे विसावला आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ‘होर्टस मलाबारिकस’ हा ग्रंथ त्याने करवून घेतला. रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांनी त्यासाठी मदत केली आणि त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी साक्षपत्र १६७८ च्या पहिल्या खंडात छापलं गेलं. म्हणजे मराठी-कोकणी माणसाच्या इतिहासाचे दोन धागे कतारगामच्या या दगडांपाशी येऊन मिळतात. हे दगड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. २०१० च्या कायदेदुरुस्तीमुळे अशा स्मारकांपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. त्यांची नोंद झाली, म्हणूनच कायद्याला त्यांच्याभोवती रेघ ओढता आली.

काळजी आहे ती त्या रेघेबाहेरच्या कतारगामची. हे मुळात सुरतेच्या कोटाबाहेरचं गाव. कंतारेश्वर महादेवाचं देऊळ इथलंच. उंधियूत पडणारी कतारगामची पापडी साऱ्या गुजरातेत नाव राखून होती. तिच्या वाड्यांवर आता सोसायट्या आणि कारखाने आहेत. नंतर हिरे आले. सौराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांनी वराछा आणि कतारगाम या भागांत घंट्या, म्हणजे हिरे घासण्याची चाकं, मांडल्या आणि जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडण्याचं काम सुरतेत एकवटलं. डिसेंबर २०२३ मध्ये शहराच्या दुसऱ्या टोकाला, खजोदला, हिरेबाजाराची प्रचंड इमारत सुरू झाली. व्यापार तिकडे सरकला, तर रत्नकलाकारांच्या, म्हणजे हिरे घडवणाऱ्या कारागिरांच्या, जुन्या कारखान्यांची मांडणी, त्यांची हत्यारं, त्यांची बोली यांचं काय होणार? साडेतीनशे वर्षांपूर्वीची कबर हा वारसा आणि पन्नास वर्षांपूर्वीची घंटी ही अडगळ, असं मानणं मला पटत नाही. गावठाणातली जुनी लाकडी घरं, विहिरी, पाळिये (स्मृतिशिळा), जत्रा, पापडीचं बियाणं राखणारी शेतकरी कुटुंबं हे सगळं वारशाच्या मोजदादीत यायला हवं. आणि ही मोजदाद महापालिकेने स्वतःच्या अंदाजपत्रकातून, दरवर्षी ठरलेली रक्कम काढून करायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

महापालिकेनेच का? कारण जुनं घर पाडायचं की ठेवायचं, रस्ता कुठून न्यायचा, विहीर बुजवायची की नाही, हे निर्णय दिल्लीत होत नाहीत. ते बांधकाम परवानगीच्या टेबलावर आणि नगररचना योजनेच्या नकाशावर होतात. गुजरातेत १९७६ च्या नगररचना कायद्याखाली जमिनी एकत्र करून नव्याने आखल्या जातात. आखणी करणाऱ्याच्या हाती वारशाचा नकाशा नसेल, तर त्याला शेत, तळं आणि देवराई सारखीच मोकळी दिसतात. तो जाणूनबुजून काही मोडत नाही. त्याला ते दाखवलेलंच नसतं. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या अठरा विषयांमध्ये सांस्कृतिक बाबींचं संवर्धन स्पष्ट लिहिलेलं आहे. सुरत महापालिकेला तर हा विषय परका नाहीच. तिचं मुख्य कार्यालय शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये बांधलेल्या मुघल सराईत आहे. तापीकाठचा सोळाव्या शतकातला किल्ला तिने दुरुस्त करून लोकांसाठी खुला केला आहे. एक किल्ला सावरणं हे मोठंच काम आहे. पण किल्ल्यावर खर्च होतो कारण किल्ला दिसतो. गल्लीतलं घर पडल्यावरच कळतं.

नोंद ताजी नसली की काय होतं, याचा पुरावा आपल्या देशातच आहे. महालेखापरीक्षकांच्या पथकांनी केंद्राच्या संरक्षणाखालच्या १,६५५ स्मारकांची जागेवर जाऊन पाहणी केली, तेव्हा ९२ सापडलीच नाहीत, असं २०१३ च्या अहवालात आहे. पुढे शोध घेतल्यावर ४२ मिळाली. उरलेल्या ५० पैकी १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणांखाली गेली आणि २४ चा पत्ता लागला नाही. ही यादीतली स्मारकं होती. ज्यांची यादीच झाली नाही, त्यांच्या नाशाचा तर हिशोबही मांडता येत नाही. उलट बाजूला अहमदाबाद आहे. तिथल्या महापालिकेने १९९६ मध्ये वारसा कक्ष उघडला, पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्लीवस्त्यांमधली, घरं पुन्हा पुन्हा मोजून घेतली आणि प्रतवारी लावली. २०१७ मध्ये जुन्या अहमदाबादला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामागे ही वीस वर्षांची कागदी मेहनत आहे. अमेरिकेतही संघराज्याच्या वारसा निधीतून प्रत्येक राज्याला मिळणाऱ्या रकमेचा किमान दहावा हिस्सा पात्र स्थानिक संस्थांना द्यावा लागतो आणि सर्वेक्षण हा त्या पैशाच्या मुख्य उपयोगांपैकी एक आहे. लॉस एंजेलिसने २०१० ते २०१७ या काळात गेटी प्रतिष्ठानच्या अनुदानात स्वतःची भर घालून जवळजवळ सगळं शहर गल्लीगणिक पाहून घेतलं. इतकं मोठं शहर हे करू शकतं, तर एका कतारगाम झोनपासून सुरुवात करणं अवघड नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप घरमालकांचा आहे: घर यादीत गेलं की विकता येत नाही, पाडता येत नाही, बँक कर्ज देत नाही. ही भीती खोटी नाही. मुंबईने १९९५ मध्ये देशात पहिल्यांदा वारसा नियम केले; पण २०१२ मध्ये नवी यादी जाहीर झाली, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. आपल्या इमारतीचं भवितव्य आपल्याला न विचारता ठरतंय, ही त्यांची तक्रार रास्त होती. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष सर्वेक्षण नको असा नाही. सर्वेक्षण म्हणजे काय आहे ते लिहून ठेवणं. निर्बंध हा नंतरचा, वेगळा निर्णय. दोन्ही एकाच दिवशी लोकांच्या माथी मारले की माणसं घराचं दार लावून घेतात. आधी मालकाला नोंदपत्र दाखवावं, त्याची हरकत त्यावर लिहून घ्यावी, आणि पुढे कधी बंधन घातलंच तर अहमदाबादेत दिला जातो तसा विकता येणारा विकास हक्क त्याला द्यावा.

पाणी, गटार, शाळा बाकी असताना हे कशाला, असंही विचारलं जातं. गटाराचा पैसा इकडे वळवा असं कोणी म्हणत नाही. सुरत महापालिकेचं वार्षिक अंदाजपत्रक हजारो कोटींचं आहे; काही प्रशिक्षित तरुण, मोजणीची साधनं आणि छायाचित्रकार यांचा खर्च त्यात शोधावा लागेल इतका लहान असेल. परक्या व्यापाऱ्यांची थडगी जपायची कशाला, हा प्रश्नही येतो. सतराव्या शतकातली सुरत आर्मेनियन, डच, इंग्रज, बोहरा, पारशी, जैन अशा सगळ्यांच्या पैशावर उभी होती. तिथला एक थर खरवडून काढला की मराठ्यांनी या शहरावर स्वाऱ्या का केल्या, तेही समजेनासं होतं.

यादी करून कागद धूळ खात पडतील, हा शेवटचा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. म्हणूनच एकरकमी अनुदान नको. दरवर्षीचं लेखाशीर्ष हवं, म्हणजे नोंदी ताज्या राहतील. त्या नोंदी बांधकाम परवानगीच्या संगणकात थेट जोडल्या पाहिजेत, म्हणजे जुन्या घराचा अर्ज आला की अधिकाऱ्याला ते आपोआप दिसेल. सर्वेक्षणाच्या पथकात गुजरातीइतकीच मराठी, हिंदी आणि उर्दू जाणणारी माणसं हवीत. सुरत महापालिका आपल्या प्राथमिक शाळा मराठीतूनही चालवते, कारण खानदेशातून आलेली अनेक कुटुंबं या शहरात आहेत. त्यांच्या वस्त्या, भजनी मंडळं, गिरणीकामाच्या आठवणी याही शहराच्याच मालकीच्या आहेत. पुढचं अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे जाण्याआधी सुरतेतल्या मराठी वाचकांनी आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला भेटून एवढंच मागावं: वारसा सर्वेक्षणासाठी स्वतंत्र रक्कम, आणि पहिलं काम कतारगामच्या गावठाणात.