जोगेश्वरीची देवी आणि स्त्रीचा अधिकार

मुंबई उपनगरात गोरेगावच्या दक्षिणेस असलेल्या जोगेश्वरीस हे नाव तेथील लेण्यातील देवीवरून मिळाले, हे सर्वश्रुत आहे. ते लेणे मुळात देवीचे नव्हते, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात घेतली जात नाही. वॉल्टर स्पिंक यांच्या मते हे लेणे इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील होय. त्याची रचना शैव आहे. मध्यभागी चार दारांचे गर्भगृह, पाशुपत पंथाचा आचार्य लकुलीश याचे शिल्प, शिवपार्वतीचा विवाह व त्यांची द्यूतक्रीडा, हे सर्व पाहता येथे मूळ उपास्य शिव होता याविषयी संशय राहत नाही. पार्वती आहे, पण ती शिवाची पत्नी म्हणून. आज मात्र याच लेण्यात देवीच्या पादुका पुजल्या जातात, कित्येक घराणी तिला कुलस्वामिनी मानतात आणि सारी वस्ती तिच्या नावाने ओळखली जाते.

हे स्थित्यंतर कसे घडले असावे? ‘योग’ या शब्दाचा ‘जोग’ व्हावा, तसे योगेश्वरीचे जोगेश्वरी झाले, हे उघड आहे. आंबेजोगाईची योगेश्वरी व पुण्याची तांबडी जोगेश्वरी या प्रसिद्धच आहेत. योगेश्वर हे शिवाचेही नाव असल्याने पूर्वीच्या नावाला लोकांनी स्त्रीरूप दिले असणे संभवते. अर्थात हा तर्कच होय. ओटी भरणे, खण‑नारळ वाहणे हे देवीच्या उपासनेतील उपचार मात्र मुख्यतः स्त्रियांच्या हातचे आहेत. पंथ लोपला तरी स्थान जागते राहिले, याचे काही श्रेय त्या अनामिक हातांना दिले पाहिजे.

येथवर ठीक आहे. परंतु ज्या समाजात देवी पूज्य, तेथे स्त्रीही पूज्य होती, असा निष्कर्ष यावरून काढला जातो, तो आम्हास मान्य नाही. ओटी भरण्याचा मान सवाष्णीचा. विधवेस त्यापासून दूर ठेवले जाई. स्त्री तीच, तिची भक्तीही तीच. पतीच्या मृत्यूबरोबर अधिकार तेवढा गेला. मान होता तो सौभाग्याचा.

स्त्रीच्या अध्यात्मिक अधिकाराचा शोध घ्यावयाचा तर देवीकडून माणसांकडे वळावे लागते. तेराव्या शतकातील महदंबा ऊर्फ महदाइसा ही चक्रधरांची शिष्या. गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी तिने रचलेले ‘धवळे’ वाङ्‌मयेतिहासात नावाजले गेले; परंतु ‘लीळाचरित्रा’त दिसणारी तिची जिज्ञासा आम्हास त्याहून मोलाची वाटते. ती प्रश्न विचारते, पुनःपुन्हा विचारते, आणि चक्रधर तिला उत्तरे देतात. मासिक धर्म हा शरीराच्या इतर स्रावांसारखाच एक स्राव असून त्याचा विटाळ मानू नये, हा चक्रधरांचा उपदेश त्याच ग्रंथात आहे. शिवाशिवीच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हे.

सतराव्या शतकातील बहिणाबाईंची वाट अधिक बिकट होती. त्यांनी आपले चरित्र स्वतःच अभंगांतून सांगितले आहे. लहानपणी वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झालेला विवाह, ब्राह्मण स्त्रीने शूद्र तुकोबांना गुरू मानले म्हणून पतीने केलेली मारहाण, वेद स्त्रीस वर्ज्य असल्याचे दुःख, हे सर्व त्यात आहे. आणि पातिव्रत्याचा आग्रहही त्यातच आहे! त्यांनी संसार सोडला नाही, गुरूही सोडला नाही; पुढे पतीचेच मन पालटले. त्यांना केवळ पतिव्रता ठरविणारे आणि केवळ बंडखोर ठरविणारे, दोघेही त्यांचे अर्धेच अभंग वाचतात, असे म्हणावे लागते.

जोगेश्वरीच्या लेण्यात पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या स्त्रियांपैकी कोणी बहिणाबाईंप्रमाणे आत्मकथन केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्यांचे कथन असेल तर ते कुलाचारांत, व्रतांत आणि जात्यावरील ओव्यांत. म्हणून गोरेगाव, आंबोली, मजास या जुन्या गावठाणांतील वृद्ध स्त्रियांकडून ओटी कोण भरी, कोणास भरू देत नसत आणि ज्यांना भरू देत नसत त्या देवीस काय म्हणत, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घेण्याचे काम अभ्यासकांनी हाती घेतले पाहिजे.