रॉकेटच्या भंगाराची खतावणी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते तुकडे एका ओळीत सरकत गेले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. आसपासच्या शिवारांत काळ्या धाग्यांनी गुंडाळलेले पोकळ गोळेही सापडले. कडीचा व्यास सुमारे ३ मीटर. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पाही तेवढ्याच व्यासाचा असतो, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये उडालेल्या अशाच एका रॉकेटचा टप्पा तासाभरात खाली येईल, असा अंदाज बांधलेला होता. तो सिंदेवाहीत येईल हे मात्र कुणालाच सांगता आलं नसतं.

यात निरीक्षकांची हयगय नाही. खालच्या कक्षेतली वस्तू सेकंदाला जवळजवळ ७.८ किलोमीटर धावते. वेळ सांगताना १० मिनिटं चुकली, की जागा ४,७०० किलोमीटरने चुकते; पुण्याच्या कसबा पेठेत पडायचा तुकडा कैरोच्या पलीकडे जातो. वरची विरळ हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगते नि आकसते. टप्पा कोलांट्या खात असतो, त्यामुळे हवेचा अडथळा दर फेरीला वेगळा. अखेरच्या दिवशीसुद्धा हिशेबात तासांचा फरक राहतो.

‘माग काढणं’ म्हटलं की सतत रोखलेली दुर्बीण डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात हे काम बरंचसं खतावणीचं आहे. रडारच्या टापूत वस्तू काही मिनिटं येते; तेवढ्यात तिचं अंतर, दिशा नि वेग मोजायचा, कक्षेचं गणित मांडायचं आणि पुढच्या फेरीला ती वेळेवर आली की नाही ते पाहायचं. लवकर आली, तर कक्षा खाली सरकतेय. अमेरिकेच्या यादीत प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो आणि तिची कक्षा दोन ओळींच्या आकड्यांत मावते. त्या यादीतला पहिला क्रमांक स्पुटनिकचा नाही. तो स्पुटनिक सोडणाऱ्या रॉकेटचा, उपग्रह दुसरा. १९५७ साली नुसत्या डोळ्यांनी स्पुटनिक पाहिल्याचं सांगणाऱ्या बहुतेकांनी खरं तर ते रिकामं रॉकेटच पाहिलं होतं.

ते आजही दिसतं, म्हणजे त्याचे वंशज दिसतात. कसब्यातल्या एखाद्या गच्चीवर दिवेलागणीनंतर तासभर उभं राहिलं, तर उजळ टप्पा ताऱ्यासारखा सरकताना सापडतो: आपल्याकडे अंधार, त्याच्यावर अजून ऊन. गिरक्या घेत असेल तर लुकलुकतो, आणि दोन झळाळ्यांमधला वेळ स्टॉपवॉचवर मोजून त्याची गिरकी ताडता येते. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आहे; हौशी लोकांना आकाशाची सवय इथे जुनीच.

जळून काय उरतं, हे कसब्यातल्याच तांबट आळीत पटकन कळावं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ला, टायटॅनियमला साडेसोळाशेच्या वर तापवावं लागतं. म्हणून टाकीचं पातळ कवच वाटेतच संपतं आणि दाबाखालच्या वायूचे मजबूत गोळे शेतात येऊन पडतात.

आपलं घरही काचेचंच. पीएसएलव्ही-सी३चा चौथा टप्पा डिसेंबर २००१मध्ये कक्षेतच फुटला आणि तीनशेहून अधिक नोंदले गेलेले तुकडे मागे राहिले. श्रीहरिकोट्याला आता एकाच वेळी १० वस्तूंवर नजर ठेवणारं रडार आहे; ८०० किलोमीटरवरची ३० सेंटिमीटरची वस्तू त्याला दिसते. बंगळुरूमध्ये जुलै २०२२पासून इस्रोचं स्वतंत्र केंद्र हा हिशेब ठेवतं. टक्कर टाळण्यासाठी २०२३मध्ये इस्रोला २३ वेळा आपली यानं हलवावी लागली. तरी यादीसाठी अजून बरीच भिस्त अमेरिकेवर आहे, आणि ते मला खटकतं. ‘नेत्र’ प्रकल्पात आणखी रडार नि दुर्बिणी येताहेत, त्यांची गरज त्यासाठीच.

मात्र नुसती नोंद ठेवून भंगार कमी होत नाही. ते आपणहून खाली आणावं लागतं. १ जानेवारी २०२४ला उडालेल्या पीएसएलव्ही-सी५८चा शेवटचा टप्पा ६५० किलोमीटरवरून ३५० किलोमीटरवर उतरवला, उरलेलं इंधन सोडून दिलं, म्हणजे फुटायची भीती गेली. त्यावर प्रयोगही चालवले. श्रीहरिकोट्याच्या रडारने २१ मार्चच्या सकाळपर्यंत त्याचा माग ठेवला. त्याच संध्याकाळी तो उत्तर प्रशांत महासागरावर वातावरणात शिरला.