पिवळा दिवा आणि पी०३०१

घाटात गाडी थरथरली आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. घरी येऊन स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात कोड रीडर खोचला. पडद्यावर उमटलं, पी०३०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरात मिसफायर. पण कोड तक्रार सांगतो, दोषी पार्ट नाही. इथेच बरेच जण उगाच खर्चात पडतात. इंजिन गार झाल्यावर मी पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला, एक चक्कर मारली. आता पी०३०२! बिघाड कॉइलबरोबर सरकला, चोर सापडला. (प्लग बिचारा निर्दोष.) मिसफायरसारखे बिघाड ओळखून कोड देणारी ही व्यवस्था आपल्याकडे बीएस ४ गाड्यांना २०१३ पासून सक्तीची झाली. दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेल्या पेट्रोलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापून निकामी होतो.