स्मिथ, विल्यम यूजीन
(३० डिसेंबर १९१८–१५ ऑक्टोबर १९७८). अमेरिकन वृत्तछायाचित्रकार. अनेक छायाचित्रांची सलग मांडणी करून एकच विषय उलगडणाऱ्या छायाचित्र-निबंध या प्रकाराचा तो श्रेष्ठ प्रवर्तक मानला जातो. कॅनझस राज्यातील विचिटा येथे जन्म. १९३९ पासून तो लाइफ या साप्ताहिकासाठी काम करू लागला. दुसऱ्या महायुद्धात त्याने पॅसिफिक रणभूमीवरील छायाचित्रे घेतली. मे १९४५ मध्ये ओकिनावा येथे उखळी तोफेच्या गोळ्याने तो गंभीर जखमी झाला.

युद्धानंतर त्याने ‘कंट्री डॉक्टर’ (१९४८), ‘स्पॅनिश व्हिलेज’ (१९५१), ‘नर्स मिडवाइफ’ (१९५१) इ. छायाचित्र-निबंध सिद्ध केले. यांपैकी शेवटच्यात साउथ कॅरोलायनातील मॉड कॅलन या कृष्णवर्णीय परिचारिका-सुईणीचे सेवाकार्य आहे. तो पाहून वाचकांनी पाठविलेल्या देणग्यांतून तिच्यासाठी दवाखाना उभा राहिला. छायाचित्रांची निवड व मांडणी यांवरून संपादकांशी वारंवार मतभेद झाल्याने त्याने लाइफ सोडले आणि १९५५ मध्ये तो ‘मॅग्नम’ या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेत दाखल झाला.

जपानमधील मिनामाता येथील रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथिल पारा समुद्रात मिसळून मासळीवाटे माणसांच्या शरीरांत जात होता. त्यामुळे मज्जासंस्था निकामी होई व गर्भातील अर्भकेही पंगू होत. हा रोग १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. कारखान्याची जबाबदारी न्यायालयात सिद्ध होण्यास मात्र १९७३ साल उजाडले. स्मिथ व त्याची पत्नी आयलीन यांनी १९७१ पासून सुमारे तीन वर्षे तेथे राहून पीडितांचा लढा चित्रित केला. जानेवारी १९७२ मध्ये कंपनीच्या दुसऱ्या एका कारखान्यात स्मिथला जबर मारहाण झाली व त्याच्या दृष्टीवर परिणाम झाला. उभयतांचा मिनामाता हा ग्रंथ १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला.

जन्मतः पंगू मुलीला स्नान घालणाऱ्या मातेचे त्याचे छायाचित्र या दुर्घटनेचे प्रतीक ठरले. ते पालकांच्या संमतीने घेतले होते. तथापि मुलीच्या मृत्यूनंतर तिला आता विसावा मिळावा, अशी त्यांची इच्छा झाली. तिचा मान राखून आयलीन यांनी १९९८ मध्ये त्याच्या नव्या प्रकाशनास परवानगी न देण्याचे ठरविले. जगाला जागे करणारी साक्ष आणि दुःखिताचा खासगीपणा यांतील तोल कसा राखावा, हा वृत्तछायाचित्रणातील मूलभूत प्रश्न या निर्णयाने पुढे आणला.

टूसॉन (ॲरिझोना) येथे त्याचे निधन झाले. त्याच्या नावाने १९८० पासून मानवतावादी छायाचित्रणासाठी अनुदान दिले जाऊ लागले.